उसना उजेड

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिरताना चपला बाहेर काढायच्या आणि फ्लॅश बंद करायचा, असे दोन नियम आहेत. पहिला आपल्या अंगवळणी पडलेला आहे, दुसरा अजून पडायचाय. थोड्या थोड्या वेळानं कुणाच्या तरी मोबाइलचा लख्ख उजेड भिंतीवर आदळतो, पहारेकरी खेकसतो, फ्लॅशवाला ओशाळून ‘अहो, ऑटोवर होता’ म्हणतो. बाहेर वाघूरच्या घळीत ऊन रणरणत असतं, त्यामुळे आत आल्या आल्या काहीच दिसत नाही. ‘पद्मपाणी कुठेय?’ असं विचारणारे बरेचदा पद्मपाणीसमोरच उभे असतात. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि लोकांचा त्या लेण्यातला मुक्काम त्याच्या निम्माही नसतो. मी एकदा हट्टानं थांबलो. आधी मुकुट दिसला, मग झुकलेल्या पापण्या, मग हातातलं कमळ. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागदावर फोटो उमटत जायचा, तसं चित्र भिंतीतून वर येत गेलं.

पूर्वी इथले वाटाडे आरशानं ऊन आत वळवायचे आणि पांढऱ्या कापडावर पाडून भिंतीवर पसरवायचे. सिनेछायाचित्रकार सुब्रत मित्रांनी ‘अपराजितो’साठी (१९५६) स्टुडिओत उभारलेल्या बनारसच्या अंगणावर पांढरं कापड ताणून त्यावरून उजेड खाली उतरवला, तो याच जातीचा उपाय. छायाचित्रकार बिनॉय बहल यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अजिंठ्याची चित्रं टिपली, तीही अगदी मंद प्रकाशात, शटर बराच वेळ उघडं ठेवून. या सगळ्यांनी उजेड वाढवण्यापेक्षा त्याची वाट पाहिली, त्याला वाट करून दिली. बिनफ्लॅशच्या फोटोबद्दल बोलताना आपण लेन्स आणि सेटिंग यांवरच अडकतो. मला मात्र तो प्रश्न तंत्राच्या आधी स्वभावाचा वाटतो: त्या जागेचा उजेड आपल्याला चालणार आहे, की आपला तिच्यावर लादायचाय?

फ्लॅश फार आखूड हाताचा असतो. अंतर दुप्पट झालं की त्याचा उजेड चौथाई होतो. एक मीटरवरच्या माणसाला जेवढा मिळतो, त्याचा सोळावा हिस्सा चार मीटरवरच्याला. म्हणून जुन्या अल्बममधली माणसं पिठात बुडवून काढल्यासारखी आणि मागचं घर गिळल्यासारखं काळं. आमच्या आत्याचा गणपतीतला असा एक फोटो आहे. तिचं नाक, कुंकू आणि काठाची जर एवढंच शिल्लक, डोळे लाल, मागे, जिथे अख्खं माजघर होतं, तिथे नुसती शाई. गंमत म्हणजे खोलीतला अंधार घालवण्यासाठी मारलेल्या फ्लॅशनंच तो तिथे आणून ठेवला होता.

फ्लॅश नको म्हटलं की उजेड उसना घ्यावा लागतो, आणि प्रत्येक सावकाराचं व्याज वेगळं. भिंग मोठं उघडा, एफ/१.८ पर्यंत, कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या झूमपेक्षा नऊ-दहा पट उजेड आत येतो, पण एक डोळा स्पष्ट नि दुसरा धूसर. दिग्दर्शक क्युब्रिकनं ‘बॅरी लिंडन’ (१९७५) मधले मेणबत्तीचे प्रसंग नासासाठी बनवलेल्या एफ/०.७ लेन्सनी चित्रित केले, तेव्हा नटांना जागचं फारसं हलायचीही सोय नव्हती. दुसरा सावकार शटर. ५० मिलिमीटरच्या लेन्सला साधारण १/५० सेकंदाच्या खाली हाताचा भरवसा नसतो. मग भिंत, खांब, दाराची चौकट, जे सापडेल त्याला टेकायचं, कोपरं बरगड्यांना चिकटवायची, अर्धा श्वास सोडून थांबायचं. पण आपण थांबलो म्हणून समोरचा थोडाच थांबतो!

तिसरा आयएसओ, म्हणजे मिळालेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो ते, आणि सगळ्यात जास्त शिव्या खाणारा तोच. आयएसओ वाढवला की फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात, आणि लोक कॅमेऱ्याला नावं ठेवतात. त्यात कॅमेऱ्याचाही थोडा वाटा असतो, पण मोठा वाटा खुद्द प्रकाशाचा. प्रकाश धारेसारखा येत नाही, थेंबाथेंबानं येतो. वळवाचा पाऊस सुरू होताना अंगणातल्या फरशा बघाव्यात. एका फरशीवर पाच टपोरे ठिपके, शेजारचीवर एकच, तिसरी कोरडी. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडत असतो, पण थेंब थोडे असले की वाटणी अशीच वेडीवाकडी होते. मुसळधार सुरू झाला की सगळ्या फरशा सारख्या ओल्या. कॅमेऱ्यातल्या एका टिंबावर १०,००० प्रकाशकण पडले तर इकडेतिकडे साधारण १०० चा फरक, म्हणजे शेकडा एक. १०० च पडले तर फरक १० चा, म्हणजे शेकडा दहा. तो फरक आपल्याला दाणे म्हणून दिसतो. हे कळल्यापासून मला दाण्यांचा राग येईनासा झाला. त्या खोलीत उजेड किती थोडा होता, याची ती नोंदच असते.

याच आत्याचा मी पुढे दुसरा फोटो काढला. तिचं घर सिंधुदुर्गात. स्वयंपाकघर कौलारू, भिंती धुरानं काळ्या, आणि छपरात एकच काचेचं कौल. सकाळी दहाच्या सुमारास त्या कौलातून कवडसा उतरतो, धुरात त्याची तिरपी काठी दिसते, आणि तो सरकत सरकत चुलीपाशी येतो. मी दाराच्या चौकटीला खांदा टेकून त्याची वाट बघत होतो. आयएसओ १६००, एफ/१.८, १/१५ सेकंद.

‘‘ह्या काळोखात तुका काय गावतला?’’ आत्या म्हणाली आणि फुंकणी उचलून चुलीत फुंकायला लागली.

बारा-तेरा फोटोंत एक साधला. चेहरा स्थिर, कारण फुंकताना माणूस मानेनं स्थिर होतो. हात मात्र हललेला, फुंकणीच्या टोकाशी पुसट झालेला. गालाच्या एका बाजूला जाळाचा तांबूसपणा, दुसऱ्या बाजूला कौलातला निळसर उजेड. बाकी सगळा अंधार.

आता दुसरी बाजू. बिनफ्लॅशवाले आम्ही लोक स्वतःला फार सभ्य समजतो. आम्ही कीर्तनात लखलखाट करत नाही, झोपलेल्या बाळाला दचकवत नाही. पण बिनफ्लॅशची कला ज्यांनी नावारूपाला आणली त्यांतला एक अग्रणी, बर्लिनचा एरिख सालोमॉन, १९२८ मध्ये कोर्टात कॅमेरा टोपीत लपवून खुनाच्या खटल्याचे फोटो काढत होता. एर्मानॉक्स नावाच्या त्याच्या छोट्या कॅमेऱ्याला त्या काळाच्या मानानं प्रचंड उघडणारी लेन्स होती. पुढे मुत्सद्द्यांच्या बैठकांत शिरून त्यानं जांभया देणारे, पेंगणारे मंत्री टिपले. सत्तेतल्या माणसांना गाफील पकडण्याला मी वृत्तपत्राचं कामच समजतो. पण तीच युक्ती साध्या माणसावर चालवली की काय होतं? फ्लॅश निदान ‘मी फोटो काढला’ असं ओरडून सांगतो. समोरच्याला चिडायची, नको म्हणायची संधी मिळते. घरात एक मरण झालं तेव्हा अंधाऱ्या पडवीत एकट्या बसलेल्या काकांचा फोटो मी काढला. आवाज नाही, उजेड नाही. फोटो चांगला आहे. मी तो त्यांना कधी दाखवला नाही, आणि दाखवावासा वाटत नाही यातच काय ते आलं.

हल्ली हा सगळा खटाटोप कालबाह्य झालाय म्हणतात. फोनमध्ये नाइट मोड आला; गूगलच्या पिक्सेल फोनवर २०१८ मध्ये नाइट साइट आलं, मग सगळ्यांचीच रांग लागली. फोन एकामागून एक अनेक फोटो घेतो, हललेल्या जागा जुळवतो, दाणे पुसतो आणि एकच स्वच्छ चित्र हातात ठेवतो. हुशारी खरीच. पण त्रिपुरी पौर्णिमेला भाच्यानं काढलेला दीपमाळेचा फोटो पाहिला आणि मी चक्रावलो. आकाश निळं, मागच्या पिंपळाचं पान न् पान मोजून घ्यावं, आणि पणत्या दिवसाढवळ्या विसरून राहिल्यासारख्या. ‘‘मामा, फ्लॅश नाही हं मारला,’’ तो अभिमानानं म्हणाला. खरंच मारला नव्हता. पण अंधार दिसला की घालवायचाच, ही फ्लॅशची खोड तेवढी फोननं उचलली होती. मी त्याला उजेडाची पट्टी खाली ओढून दाखवली. पिंपळ गेला, आकाश गेलं, पणत्या पेटल्या. त्याला पहिलाच फोटो आवडला, हेही सांगायला हवं.

आत्याचा फोटो छापायला दिला तेव्हा स्टुडिओवाल्यानंही विचारलंच, ‘‘साहेब, जरा ब्राइट करून देऊ? मागचं काहीच दिसत नाहीये.’’ नको म्हटलं तर माझ्याकडे संशयानं बघत त्यानं तसाच काढून दिला.

पुढच्या मे महिन्यात तो घेऊन गेलो. आत्यानं हात पदराला पुसले, फोटो घेऊन पडवीत उजेडाला आली, लांब धरला, जवळ धरला. स्वतःच्या चेहऱ्याकडे तिनं फारसं बघितलंच नाही. डावीकडच्या कोपऱ्यात, जिथे मला काळ्याशिवाय काहीही दिसत नव्हतं, तिथे बोट ठेवून म्हणाली, ‘‘हय रगडो आसा.’’