न आवडलेलं काम

पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणी नाना करीत. साच्यातून मूर्ती कुणीही काढावी, अंगाचा रंग कुणीही द्यावा. डोळे मात्र नानांचेच. त्यांचा पुतण्या मुंबईला कलाशिक्षण घेऊन आला आणि ज्येष्ठातल्या एका सकाळी त्याने नानांपुढे एक चित्र ठेवलं. शाडूची मूर्ती, मुकुट नाही, सोंड कोनाकोनांत मोडलेली, आणि डोळ्यांच्या जागी कोरलेल्या दोन चिरा. दादरच्या एका गिऱ्हाइकाला अशीच हवी होती.

"डोळे नाहीत तर गणपती कसला?" नाना म्हणाले. "मी हात लावणार नाही."

"काका, माझा हात अजून तेवढा बसलेला नाही."

"मग कर कशीतरी. गिऱ्हाइकालाच अक्कल येईल."

रोह्याचे एक निवृत्त संगीतशिक्षक घरच्या गणपतीची ऑर्डर द्यायला आले होते. ते काही बोलले नाहीत. मोबाइल काढून त्यांनी एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं. खरखरीतून एक सुषिर वाद्य वर चढलं, मग तंतुवाद्यांनी जमिनीवर पाय आपटावेत तसे घाव सुरू केले. नाना भजनात पखवाज वाजवत. त्यांची बोटं मांडीवर मात्रा धरायला गेली आणि थबकली.

"सर, याची सम कुठाय?"

"तिथंच लोक भडकले होते," सर म्हणाले.

संगीतकार स्त्राविन्स्कीचं 'द राइट ऑफ स्प्रिंग', पॅरिस, 29 मे 1913. नृत्यनाट्य सुरू होताच प्रेक्षकांत हशा पिकला, मग आरडाओरडा, भांडणं. वाद्यं नर्तकांना ऐकू येईनात, म्हणून नृत्य बसवणारा निजिन्स्की पडद्याआड खुर्चीवर उभा राहून मात्रा ओरडत होता. वाद्यवृंद चालवत होता पिएर माँत्यू. मागे गदारोळ, आणि हा शेवटच्या सुरापर्यंत हात हलवतोय! स्त्राविन्स्कीने पुढे त्याला सुसरीची उपमा दिली; इतका तो निर्विकार होता.

"आवडलं असणार त्याला," नाना म्हणाले.

"छे! स्त्राविन्स्कीने ते पियानोवर वाजवून दाखवलं तेव्हा माँत्यूला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलंय. त्याचा जीव ब्राम्सच्या संगीतात. तरी त्याने वादकांचा एकेक गट घासून घेतला, तालमीमागून तालमी केल्या. आणि 1929 साली या रचनेची पहिली ध्वनिमुद्रिका त्यानेच केली. तीच तुम्ही ऐकताय."

त्या काळी तबकडीच्या एका बाजूला जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावत, त्यामुळे अर्ध्या तासाचं संगीत तुकडे पाडून नोंदवावं लागे. वाजवणारे ठिकठिकाणी अडखळलेले ऐकू येतात. बोटांना ते वळणच नवं होतं. त्याच वर्षी खुद्द स्त्राविन्स्कीनेही पॅरिसमध्ये ते ध्वनिमुद्रित केलं. तिथंही तीच धडपड. "मला विचाराल तर आजच्या गुळगुळीत वादनापेक्षा ही धडपड जास्त ऐकण्यासारखी आहे," सर म्हणाले.

नानांनी ब्रश खाली ठेवला. "न आवडणारं काम मन लावून करायचं, हा खोटेपणा नाही का, सर?"

"आवडलं असं सांगितलं तर खोटेपणा. त्याने तसं सांगितलं नाही. पण नाना, त्या रात्री त्याने हात ढिला सोडला असता, तर रचना वाईट की वाजवणं वाईट, हे पॅरिसला कधी कळलंच नसतं. 1963 साली, बरोबर पन्नास वर्षांनी, लंडनमध्ये त्यानेच ते पुन्हा वाजवून घेतलं. वय अठ्ठ्याऐंशी. स्त्राविन्स्की प्रेक्षकांत बसला होता."

सर रोह्याच्या गाडीसाठी उठले. जाताना स्वतःच्या मूर्तीबद्दल मात्र बजावून गेले: "माझ्या गणपतीला डोळे हवेत हं, नेहमीसारखे."

दुसऱ्या दिवशी पुतण्या आला तेव्हा नानांनी शाडू मळून ठेवला होता. सोंडेचा पहिला कोन त्यांना जमला नाही. बोटं सवयीने गोलाई देऊन मोकळी होत. त्यांनी तो मोडला, पुन्हा घातला, पुन्हा मोडला. चिरा कोरायला त्यांनी कोरणी धारेला लावली, आणि पुतण्याला चित्र डोळ्यांसमोर धरून उभं केलं.

मूर्ती उभी राहिली.

"आवडली, काका?"

"नाही." नाना वाकून बघत होते. "डाव्या कानाची कड मऊ झालीय बघ. तुझ्या चित्रात ती धारदार आहे. वाळायच्या आत घे ती."