शेवटच्या खुर्चीवरचं पान

मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर, ब्लॅकजॅकच्या टेबलाशी मी शेवटच्या खुर्चीवर बसले होते. शेजारी आतेभाऊ. त्याचे अकरा झाले होते, म्हणून त्यानं 'डबल' केलं. म्हणजे पाच हजारांची बोली दहा हजारांवर नेली आणि त्या बदल्यात फक्त एकच पान घ्यायचं कबूल केलं. नव्वी आली. वीस! दादा खूश. डीलरसमोर राजा उघडा होता, दुसरं पान पालथं.

माझे बारा. मी टेबलावर बोट आपटलं, म्हणजे 'हिट', अजून एक पान. राणी आली. बावीस, मी बाद. डीलरनं पालथं पान उलटलं. छक्की. त्याचे सोळा झाले. सतरापेक्षा कमी असतील तर त्याला पान घ्यावंच लागतं. त्यानं घेतलं, पंजी आली. एकवीस. सगळं टेबल हरलं.

"अगं, तू ते पान घेतलं नसतंस तर राणी त्याला गेली असती," दादा म्हणाला. "सव्वीस होऊन तो फुटला असता."

त्याचं म्हणणं खरं होतं. प्रश्न एवढाच, की म्हणून दोष माझा होता का?

खेळ सोपा आहे. एकविसाच्या जवळ जायचं, पुढे जायचं नाही. चित्रांचे दहा, एक्क्याचा एक किंवा अकरा. पान नको असेल तर 'स्टँड'. सारख्या पानांची जोडी आली तर तेवढीच बोली पुन्हा लावून 'स्प्लिट', म्हणजे एकाचे दोन डाव. काही ठिकाणी अर्धी बोली सोडून 'सरेंडर' करता येतं. कॅसिनोचा फायदा मुख्यतः एका गोष्टीत आहे: आधी आपण खेळतो, मग डीलर. आपण फुटलो की पैसे गेले. नंतर डीलरही फुटला तरी ते परत येत नाहीत.

कुठल्या वेळी काय करावं याचं गणित अमेरिकन सैन्यातल्या चार तरुणांनी साध्या आकडेमोडीच्या यंत्रांवर मांडलं आणि 1956 साली प्रसिद्ध केलं. ते तंतोतंत पाळलं, तर चांगल्या नियमांच्या टेबलावर शंभर रुपयांमागे साधारण पन्नास पैसेच जातात. पण जातातच. आणि ते गणित सांगतं, की डीलरच्या दहासमोर आपले बारा असतील तर पान घ्या. तेरापैकी चारच प्रकारची पानं आपल्याला फोडतात. थांबलो तर डीलर फुटण्याची वाट बघायची, आणि दहा दाखवणारा डीलर चार-पाच वेळांतून एकदाच फुटतो.

म्हणजे माझा निर्णय बरोबर होता. मी हे सगळं दादाला समजावलं. तो जास्तच चिडला.

नंतर एक गोष्ट लक्षात आली. डीलरला कोणी दोष दिला नाही, कारण त्याला निवडच नव्हती. मी स्टँड केलं असतं आणि सगळे हरले असते, तरी मला कोणी काही बोललं नसतं. थांबणं हीसुद्धा निवडच, पण ती कोणाला दिसत नाही. दोष हात पुढे करणाऱ्याला चिकटतो.

हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं. बाबांच्या ऑपरेशनच्या कागदावर सही माझी होती. डॉक्टरांनी धोका सांगितला होता, न करण्याचा धोका त्याहून मोठा होता. चौथ्या दिवशी बाबा गेले. आत्या म्हणाली, "तू सही केली नसतीस तर..." तिनं ते वाक्य पुरं केलं नाही.

दोन वर्षं मी मनात तेच गणित मांडत होते. निर्णय बरोबर, निकाल वाईट, माझा काय दोष?

1976 साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी 'नैतिक नशीब' या प्रश्नावर लिहिलं. विल्यम्सचं उदाहरण एका लॉरीचालकाचं आहे. त्याची काही चूक नसताना एक मूल त्याच्या गाडीखाली येतं. आपण त्याला सांगू, की तुझा दोष नाही, आणि ते खरंच असेल. पण तो लगेच "हो, माझा दोष नाही" म्हणून शांतपणे घरी गेला तर? आपल्यालाच कसंतरी होईल. दोष नसतानाही, ते आपल्या हातून घडलं याची एक वेगळी खंत असते. बघ्याला ती नसते.

ब्लॅकजॅकमध्ये या खंतीवर औषधही विकतात. डीलरचा एक्का दिसला की तो 'इन्शुरन्स' विचारतो: अर्धी बोली वेगळी लावा, त्याला ब्लॅकजॅक लागला तर दुप्पट मिळेल. नाव विम्याचं, प्रत्यक्षात दुसरा जुगार. सरासरीनं तेरापैकी चारदा एकाला दोन मिळतात, म्हणजे आठ. नऊदा एक जातो. तरी लोक घेतात. नंतर "घेतला असता तर" म्हणायला नको, यासाठी ते पैसे मोजतात.

माझं गणितही तसलाच विमा होता. दोष नाही हे सिद्ध केलं की खंतही संपेल, असं मी धरून चालले होते. आत्याचं चुकलं होतंच. पण तिनं ते अर्धं वाक्य उच्चारलं तेव्हा मी तिला टक्केवारी ऐकवली. तिचा भाऊ गेला होता.

टेबलाची तुलना इथवरच चालते. तिथून उठता येतं. डीलर हिट विचारतो, स्टँड विचारतो, उठता का ते विचारत नाही. युधिष्ठिर एकदा सर्वस्व हरून दुसऱ्यांदा द्यूताला बसला, तेव्हा त्यालाही कोणी तसं विचारलं नव्हतं. हॉस्पिटलच्या त्या कॉरिडॉरमधून मात्र मला उठून जाता येत नव्हतं.

मी चिप्स उचलल्या. दादा डेकवर नदीकडे बघत उभा होता.

"तुझे दहा हजार गेले, वाईट वाटलं मला," मी म्हणाले. "पण तेच पत्ते आले तर पुन्हा पान घेईन."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आईला फोन कर कधीतरी. ती वाट बघते तुझ्या फोनची."