न दिसणाऱ्या सहकाऱ्याचे ऋण

एखादे कार्य चौघांनी मिळून आरंभिले आणि त्याचे फळ चौघांच्याही पदरी सारखेच पडले, तर त्या कर्माचा कर्ता कोण, आणि ज्याने कामाला हात लावला नाही त्याच्या वाट्याला आलेले फळ धर्म्य मानावे की अधर्म्य, हा प्रश्न आपल्या धर्मचिंतनात फार जुना आहे. परंतु मार्च २०२० मधील टाळेबंदीने महाविद्यालयांचे वर्ग एकाएकी मोबाईलच्या पडद्यावर आणून ठेवले, आणि तेव्हापासून तो प्रश्न विशीच्या उंबरठ्यावरील मुलामुलींपुढे नव्या निकडीने उभा आहे. टाळेबंदी उठली तरी ती पद्धत उठली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या विनियमांन्वये एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्' या ऑनलाइन मंचावरून पुरे करण्याची मुभा दिली, तेव्हा ऑनलाइन वर्ग ही संकटकाळची सोय राहिली नाही, शिक्षणाची कायम वहिवाट झाली.

चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावी राहून शिकणाऱ्या मुलाला अशा वर्गातला गट-प्रकल्प मिळतो, तेव्हा त्याच्या गटात एक जण मेहकरचा असतो, एक मुलगी देऊळगाव राजाची असते, आणखी कोणी शिकता शिकता पुण्यास कामाला लागलेला असतो. या चौघांनी एकमेकांची तोंडे पाहिलेली नसतात, आणि सत्र संपेपर्यंत ती पाहण्याचा योगही बहुधा येत नाही. मुदतीच्या आदल्या रात्री सामायिक फाइल उघडावी तर प्रस्तावना एकाच्याच हातची, तक्ते त्याच्याच हातचे, निष्कर्षही त्यानेच लिहिलेला, आणि मुखपृष्ठावर मात्र चार नावे हजेरी क्रमांकांसह नीट मांडलेली. ज्याने रात्र जागून काढली त्याच्या मनात संताप असतो, उरलेल्या तिघांपैकी एखाद्याच्या मनात तरी शरम असते, आणि दोन्ही भावना व्यक्त न होताच प्रकल्प दाखल होतो. यावरून पुष्कळ विद्यार्थी, आणि काही अध्यापकही, असे म्हणू लागले आहेत की ऑनलाइन वर्गात गट-प्रकल्पाची तजवीजच नको. ज्याचे त्याने लिहावे आणि ज्याचे त्याने गुण घ्यावेत. मला हे मान्य नाही.

गट-प्रकल्पाचे समर्थक साधारणतः सांगतात की पुढे नोकरीत चार जणांबरोबर काम करावे लागते, त्याची ही रंगीत तालीम आहे. हे खरे असले तरी एवढ्याच कारणासाठी मी या पद्धतीचा कैवार घेतला नसता. तिचे खरे मोल निराळ्या ठिकाणी आहे, आणि ते कळण्यास उंद्रीच्या शिवारातच पाहावे. सावडीची रीत तिथे कोणाला शिकवावी लागत नाही. ज्याच्या गोठ्यात एकच बैल आहे तो शेजाऱ्याच्या एका बैलाशी आपला बैल जुंपतो, आज त्याचे वावर आणि उद्या याचे. सोयाबीनच्या सोंगणीला मजूर मिळेनासे झाले म्हणजे दोन घरची माणसे आलटून पालटून एकमेकांच्या शेतात उतरतात. या व्यवहाराचा दस्तऐवज नसतो, जामीन नसतो, तरी तो सहसा मोडत नाही. कारण सावड बुडवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पांदणीने जावे लागते आणि गाव त्याच्याकडे पाहत असते. सावडीच्या नीतीला लोकलज्जेचा टेकू आहे, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, कारण माणसाची बहुतेक सद्वर्तने अशाच आधारांवर उभी असतात. ऑनलाइन वर्गात हा टेकू निघून जातो. कॅमेरा बंद, आवाज बंद, हजेरीपुरते नाव. अशा स्थितीत जो आपला वाटा पुरा करतो तो, ज्याला आपण कधी पाहिले नाही त्याचेही आपण देणे लागतो, या एकाच जाणिवेने करतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्र सांगताना, इतरांनी दिलेले भोगून परत काहीच न देणाऱ्याला चोर म्हटले आहे. तिथे ज्यांचे ऋण सांगितले ते देव अदृश्य आहेत, इथे सहकारी अदृश्य आहे. अदृश्याचे ऋण मानण्याची सवय ज्याला विद्यार्थिदशेत लागली तो सुशिक्षित झाला, असे मी समजतो.

ऋण मानले तरी त्याचा हिशेब उरतोच, आणि तो आपल्या स्मृतिकारांनी टाळलेला नाही. व्यवहाराची अठरा पदे सांगताना अनेकांनी मिळून आरंभिलेला उद्योग, म्हणजे संभूय-समुत्थान, हे त्यांनी एक स्वतंत्र पद मानले. ज्या मनुस्मृतीने माणसाची योग्यता त्याच्या जन्मावरून ठरवली, तिचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झाले, ते न्याय्य होते, आणि तिच्यातील एका प्रकरणाचा उल्लेख करण्यापूर्वी हे स्पष्ट सांगणे मी कर्तव्य समजतो. तथापि यज्ञातील दक्षिणेच्या वाटपाचा तिथला विचार सूक्ष्म आहे. सोमयागात सोळा ऋत्विज असतात, चार चारांच्या चार श्रेणींत. शंभर गाईंची दक्षिणा धरून परंपरेने हिशेब मांडला तो असा, की पहिल्या श्रेणीतील चौघांना प्रत्येकी १२, दुसऱ्या श्रेणीतील प्रत्येकाला ६, तिसऱ्या श्रेणीतील प्रत्येकाला ४ आणि शेवटच्या श्रेणीतील प्रत्येकाला ३. वाटे सारखे नाहीत, पण वाट्यावाचून कोणी नाही. आणि मध्येच काम टाकून जाणाऱ्याला त्याने केले तेवढ्याच कामाचा हिस्सा. एकत्र काम करणाऱ्या सर्वच माणसांनी याच न्यायाने वाटे करावेत, असेही तिथे पुढे म्हटले आहे.

या हिशेबात मला सर्वांत विचारणीय वाटतो तो ब्रह्मा नावाचा ऋत्विज. होता ऋचा म्हणतो, अध्वर्यू आहुत्या देतो, उद्गाता साम गातो. ब्रह्मा मात्र दक्षिण दिशेला बसून बहुतेक वेळ मौन पाळतो. कर्मात कोठे न्यून राहते ते पाहणे आणि राहिल्यास त्याचे प्रायश्चित्त करणे, हे त्याचे काम, आणि त्याच्या वाट्यालाही पूर्ण बारा गाई. सामायिक फाइलच्या नोंदी उघडून कोणी किती ओळी टंकल्या एवढ्यावर गुण द्यावेत, अशी सूचना हल्ली ऐकू येते. त्या मापाने ब्रह्म्याला शून्य मिळेल. ज्या मुलीने एकही परिच्छेद लिहिला नाही, पण दुसऱ्याच्या तक्त्यातील बेरीज चुकल्याचे ताडले आणि सर्वेक्षणातील एक प्रश्न उत्तर सुचवणारा आहे म्हणून तो बदलायला लावला, तिचा वाटा यंत्राला दिसणार नाही; तो तिच्या सहकाऱ्यांनीच सांगितला पाहिजे, आणि दुसऱ्याच्या कामाची अशी निःसंकोच कबुली देणे हाही त्या प्रकल्पातील एक धडाच आहे.

याज्ञवल्क्याने आणखी एक भेद केला आहे. कपटाने वागणाऱ्या भागीदाराला नफा न देता काढून टाकावे. जो असमर्थ आहे त्याने मात्र आपले काम दुसऱ्याकडून करून घ्यावे. आणि हाच विधी ऋत्विज, शेतकरी व कारागीर यांना लागू समजावा. कामचुकार आणि असमर्थ यांना एकाच मापाने मोजण्याची चूक जी आज सर्रास होते, तिचा निषेध या एका वचनात आहे. घरात एकच मोबाईल, तो दिवसभर वडिलांबरोबर शेतात. आश्विनात सोंगणी चाललेली, सुडी झाकून होईपर्यंत पावसाची धास्ती. नेमकी त्याच पंधरवड्यात प्रकल्पाची मुदत. असा मुलगा गप्प राहतो, आणि आळशी मुलगाही गप्प राहतो. पडद्यावर दोघांच्या नावाचे पहिले अक्षर एकाच आकाराच्या वर्तुळात दिसते.

या मौनावर उपाय मला बौद्ध संघाच्या विनयात सापडला. अमावास्येला आणि पौर्णिमेला एका सीमेतील सर्व भिक्षूंनी एकत्र येऊन उपोसथ करावा, असा नियम. आजारी भिक्षूला येणे शक्य नसेल तर त्याने आपल्या परिशुद्धीचा, म्हणजे आपण निर्दोष असल्याचा, निरोप दुसऱ्या भिक्षूबरोबर पाठवावा. तेही जमत नसेल तर त्याला खाटेसह उचलून आणावे. हलवल्याने आजार वाढेल असे वाटल्यास संघानेच त्याच्यापाशी जावे. अपुऱ्या संघाने उपोसथ करू नये. अनुपस्थिती हा तिथे दोष नाही, मौन हा दोष आहे. आणि मौन मोडण्याचा भार एकट्या अनुपस्थितावर न टाकता संघानेही उचललेला आहे. विनयातील ज्या महावग्गात हे नियम आहेत, त्यातच महाकप्पिन नावाच्या भिक्षूची कथा येते. आपण परमशुद्ध असताना उपोसथाला जावे की न जावे, असा विचार त्याच्या मनात आला, तेव्हा बुद्धाने त्याला विचारले की तुमच्यासारखेच उपोसथाचा आदर करणार नसतील तर कोण करील, आणि त्याला जाण्यास सांगितले. एकट्याने उत्तम प्रकल्प लिहू शकणाऱ्या हुशार विद्यार्थ्याला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही. समर्थाने स्वतः आधी केले की इतर मागे येतात, याचे उदाहरण जवळच आहे: उंद्री ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येते त्याला ज्यांचे नाव आहे ते गाडगेबाबा गावात शिरताच स्वतः खराटा हाती घेत, आणि त्यांना झाडताना पाहून गाव झाडू लागे.

अध्यापकांना माझी विनंती आहे की ऑनलाइन वर्गातील गट-प्रकल्प बंद करू नयेत, पण चौघांना सरसकट सारखे गुण देण्याची रीत बंद करावी. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक गटाकडून एका पानाचा लेखी करार घ्यावा: कोणाचा वाटा कोणता, कोणाच्या हाती मोबाईल कोणत्या वेळी असतो, आणि अडचण आली तर कोणी कोणास कळवायचे. प्रकल्प दाखल करताना प्रत्येकाने स्वतःच्या कामाआधी इतर तिघांचे काम लिहून द्यावे. आणि जो गप्प आहे त्याचे गुण कापण्यापूर्वी त्याच्या घरी एक फोन जावा. तो अध्यापकाने न करता गटातल्याच एखाद्या मुलाने किंवा मुलीने करावा.