शरणागती आणि मुखत्यारी

विमान धावपट्टीवर उतरविताना त्याचा वेग राखण्याचे काम यंत्राच्या हवाली करावे की आपल्या हाती ठेवावे, हा प्रश्न वरवर पाहता वैमानिकांच्या प्रशिक्षणशाळेतला, किंवा फार तर घरच्या संगणकावर प्रवासी विमाने चालविण्याचा छंद जडलेल्या माझ्यासारख्यांच्या गप्पांतला वाटेल. परंतु गेली काही वर्षे रात्रीचा तासभर या छंदात घालविल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे की, कर्माचा खरा कर्ता कोण, आणि कर्म दुसऱ्याकडे सोपविल्याने कर्त्याचे दायित्व संपते काय, हा जो आपल्या तत्त्वचिंतनातला पुरातन वाद, तोच येथे थ्रॉटलच्या दांडीचे रूप घेऊन पुढे उभा राहतो.

प्रथम मूळ मामला काय आहे तो सांगतो. वैमानिकाने, समजा, 145 नॉट हा वेग नेमून दिला की ऑटोथ्रॉटल तो वेग सतत पाहत राहते आणि जरुरीप्रमाणे इंजिनांचा जोर कमीअधिक करते. बोइंगच्या विमानांत हे करताना एक मोटर थ्रॉटलच्या दांड्याच मागेपुढे सरकवते, त्यामुळे दांडीवर हात ठेवून बसलेल्या माणसाला यंत्राचा मनोदय तळहाताला कळतो. एअरबस ए320 मध्ये दांड्या आपल्या खाचेत निश्चल राहतात आणि जोर आतल्या आत बदलतो. घरच्या सिम्युलेटरची तऱ्हा या दोहोंहून निराळी, कारण मेजावर बसविलेल्या प्लॅस्टिकच्या दांडीला पडद्यावरील दांडीची काहीच वार्ता नसते. एका रात्री मुंबईच्या 27 क्रमांकाच्या धावपट्टीकडे, घाटकोपर-कुर्ल्याच्या वस्तीवरून, मी 737 जातीचे विमान उतरवीत होतो. पाचशे फुटांवर ऑटोपायलट सोडला, पाठोपाठ ऑटोथ्रॉटलही सोडले, आणि तत्क्षणी इंजिनांनी मेजावरच्या दांडीची स्थिती प्रमाण मानली. ती दांडी तासाभरापूर्वी अनवधानाने पार मागे ओढली गेली होती व तशीच राहिली होती. जोर नाहीसा झाला, वेग घसरू लागला, आणि मला उमज पडेपर्यंत, मंद फिरणाऱ्या जेट इंजिनाला पुन्हा जोर धरावयास जी सात-आठ सेकंदे लागतात, तेवढीही माझ्यापाशी शिल्लक उरली नाहीत. विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही हे खरे. तरी दांडी मागे कोणी ठेवली, आणि गेला तासभर विमान नेमके कोण चालवीत होते, हे दोन प्रश्न मनातून जाईनात.

रामानुजाचार्यांच्या पश्चात श्रीवैष्णव संप्रदायात जे दोन पंथ झाले, त्यांच्यातील एका सुप्रसिद्ध मतभेदाची मला तेव्हा आठवण झाली. वडगलै पंथ, ज्याचे अध्वर्यू वेदान्तदेशिक, असे मानतो की जीवाने वानराच्या पिलाप्रमाणे ईश्वराला स्वतः घट्ट धरून राहिले पाहिजे, आई उडी मारीलच, पण मिठी पिलाची हवी. तेंगलै पंथ, ज्याचे प्रतिपादन पिळ्ळै लोकाचार्यांनी केले, म्हणतो की मांजर आपले पिलू तोंडात धरून नेते तेव्हा पिलाने काहीच करावयाचे नसते, त्याची धडपड हाच खरा अडथळा. मर्कटकिशोरन्याय आणि मार्जारकिशोरन्याय ही या दोन भूमिकांची नावे संस्कृताच्या अभ्यासकांना परिचित आहेत. ऑटोथ्रॉटलचे समर्थक ऐकले की मला मांजराचे पिलू दिसते, आणि सर्व काही हाताने करावे असा आग्रह धरणारे भेटले की वानराचे.

परंतु हा दृष्टान्त जितका मोहक तितकाच येथे फसवा आहे, आणि तो कोठे फसतो हे नीट पाहिले पाहिजे. मांजरी आपल्या पिलाला ओळखते. दात किती रोवावयाचे हे तिला कळते, वाटेत कुत्रे आले तर ती मार्ग बदलते, कारण पिलू वाचले पाहिजे हा तिचा स्वतःचा हेतू असतो. ऑटोथ्रॉटलला प्रवासी ठाऊक नसतात, धावपट्टी ठाऊक नसते. त्याला एक आकडा ठाऊक असतो. ज्याला माझे हित कळत नाही त्याच्यापुढे मी सर्वस्व ठेवले, तर त्या कृत्याला शरणागती हे पवित्र नाव देणे मला मान्य नाही. त्याला आपल्या जुन्या दफ्तरी भाषेत दुसरा चपखल शब्द आहे, तो म्हणजे मुखत्यारी. जमीनदार मुखत्यारपत्र लिहून देतो तेव्हा कारभार मुखत्याराच्या ताब्यात जातो, पण मुखत्याराने केलेला प्रत्येक व्यवहार मालकावरच बंधनकारक होतो. म्हणूनच शहाणा मालक पत्रात काय लिहिले आहे हे पुन्हा पुन्हा वाचतो आणि हिशेबाची वही वेळोवेळी मागवितो. ए320 हाताने उतरविताना जमीन वीस फुटांवर आली की यंत्र ‘रिटार्ड’ असे पुकारते, म्हणजे वैमानिकाने आता दांड्या मागे ओढाव्यात अशी आठवण करून देते. चांगला मुखत्यार असाच वेळेवर चाव्या परत करतो.

मालकाने पत्र वाचले नाही म्हणजे काय होते त्याचे दाखले दुर्दैवाने अनेक आहेत. 14 फेब्रुवारी 1990 रोजी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ए320 बंगळूरला धावपट्टीच्या अलीकडे कोसळले आणि 146 जणांपैकी 92 मृत्युमुखी पडले. इंजिने मंदच राहतील अशा अवस्थेत विमान उतरत होते आणि वेग घटत गेला. 6 जुलै 2013 रोजी सॅन फ्रान्सिस्कोला एशियाना विमानकंपनीचे बोइंग 777 असेच पडले. दांड्या हाताने मागे ओढल्यामुळे त्याचे ऑटोथ्रॉटल ‘होल्ड’ या अवस्थेत गेले होते, म्हणजे ते जागेवर होते पण वेगाची राखण करीत नव्हते. 137 नॉट हवे असता वेग 103 पर्यंत उतरला, आणि वेग यंत्र सांभाळीत आहे असा समज कायम राहिला. तिघांचे प्राण गेले.

यांहूनही मला विचारात पाडणारी घटना 25 फेब्रुवारी 2009 ची, ॲम्स्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाजवळची. तुर्की विमानकंपनीच्या 737 वरील डाव्या बाजूच्या रेडिओ उंचीमापकाने, विमान दोन हजार फुटांच्या आसपास असताना, उणे आठ फूट असे दाखविले. ऑटोथ्रॉटल त्या मापकावर विसंबून होते. त्याने विमान जमिनीला टेकत आहे असे मानून इंजिनांचा जोर काढून घेतला. वेदान्त्यांचा रज्जुसर्प, म्हणजे दोरीला साप समजण्याचा भ्रम, येथे यंत्राच्या उदरात प्रकट झाला असे म्हणावेसे वाटते. आणि माणसांचे काय झाले? विमान उतारमार्गाच्या वर होते, त्यामुळे ते खाली आणण्यासाठी जोर कमी होणे त्यांना त्या वेळी स्वाभाविकच वाटले. चुकीचे कर्म योग्य कर्मासारखे दिसले. आरंभापुरता तो त्यांना दोषास पात्र करणारा प्रमाद होता असे मला वाटत नाही. दोष पुढचा आहे. घटणारा वेग समोरच्या दर्शकावर दिसत असूनही त्याकडे वेळीच लक्ष गेले नाही. नऊ माणसे गेली.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीस अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे सांगितली आहेत, आणि जो केवळ आपल्यालाच कर्ता समजतो त्याची दृष्टी अपुरी ठरविली आहे. हे विवेचन वैमानिकाला तंतोतंत लागू पडते: यंत्र हे करण आहे, वारा दैवात जमा होतो, पण कर्त्याचे स्थान त्यामुळे रद्द होत नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’चा सारा रोख असा की फलाशा सोडावी, कर्म सोडू नये. माझ्या छंदातील अनेकांची, आणि दीर्घकाळ माझीही, रीत याच्या बरोबर उलट होती. कर्म यंत्राकडे टाकले, आणि हळुवार टेकलेल्या चाकांचे श्रेय मात्र आपल्या खात्यावर रुजू करून घेतले.

यावरून ऑटोथ्रॉटल त्याज्य आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. एकच बोइंग कंपनी 737 च्या बाबतीत ऑटोपायलट सोडताच ऑटोथ्रॉटलही सोडावे अशी शिफारस करते, आणि 777 च्या बाबतीत हाताने उतरतानाही ते चालू ठेवण्यास सांगते. पंखांखाली टांगलेल्या इंजिनांचा जोर वाढला की विमानाचे नाक वर उचलले जाते. 777 चा संगणक ते स्वतः सावरतो, 737 मध्ये ते वैमानिकाच्या हाताला सावरावे लागते, आणि हात एक करीत असताना यंत्राने दुसरे करावे हे तेथे बरे नव्हे. म्हणजे धर्म हा अधिकारभेदाने बदलतो, हे आपले जुने वचन येथेही खरे ठरते.

कोणी म्हणेल, घरच्या खेळात मरणारे कोणी नाही, मग ही उठाठेव कशासाठी? मला हा आक्षेप उलट अनुकूल वाटतो. खऱ्या उड्डाणाला अनेक फळे असतात: प्रवासी पोहोचतात, पगार मिळतो, कीर्ती होते. पडद्यावरच्या उड्डाणाला ही फळे नाहीत. त्यातून निघणारे एकमेव फळ म्हणजे करणाऱ्याच्या चित्तावर उमटणारा संस्कार, आणि तो खरा असतो, विमान खोटे असले तरी. तासभर बेसावध बसण्याचा संस्कार साठविला तर तो दुसऱ्या दिवशी रस्त्यावर गाडी चालविताना, किंवा कचेरीत दुसऱ्याने तयार केलेल्या कागदावर न वाचता सही करताना, आपला अंमल दाखविल्यावाचून राहत नाही. समर्थांनी दासबोधात सावधपणाचा जो एवढा पुरस्कार केला आहे, तो मला या मेजापाशी बसूनच प्रथम पुरता समजला.

म्हणून ज्या वाचकांना हा छंद असेल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आज रात्री विमान उतरविताना ऑटोथ्रॉटल सोडावयाचे असेल तर आधी मेजावरची दांडी इंजिनांच्या चालू जोराशी जुळवून घ्या. आणि वेग यंत्राकडेच ठेवावयाचा असेल तर ऑटोथ्रॉटल कोणत्या अवस्थेत आहे ते पडद्यावर वाचा, वेगाचा आकडा स्वतःशी मोठ्याने म्हणा, आणि चाके टेकेपर्यंत दांडीवरचा हात काढू नका.