आजचं चिंतन: वारा, होडी आणि बाबांची पोथी



आजचा श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला, ६७ वा. स्थितप्रज्ञाच्या प्रकरणातला. भावार्थ असा, की इंद्रियं आपापल्या विषयांकडे धावत असतात, आणि मन त्यातल्या एकाच्या जरी मागे लागलं तरी ते माणसाच्या बुद्धीला ओढून नेतं. वारा पाण्यातल्या नावेला नेतो तसं.

हा श्लोक मी किती वेळा वाचला असेन. दर वेळी ‘वारा’ म्हटलं की मला माझं रात्री दीडपर्यंत रील्स बघणं आठवायचं, ऑनलाइन सेल आठवायचे, डाएट मोडून खाल्लेली बिर्याणी आठवायची. म्हणजे आपले नेहमीचे यशस्वी मोह! पण जानेवारीत बाबांबरोबर देवगड ते मालवण असं पाठीवर सॅक टाकून चालत गेले, शेवटचा टप्पा शिडाच्या होडीतून केला, आणि लक्षात आलं की माझ्यातला सगळ्यात जोराचा वारा वेगळाच आहे. त्याला मी आजपर्यंत ‘काळजी’ म्हणत होते.

बाबा त्रेसष्ट वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी त्याची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली होती, फक्त ‘जड उचलू नका’ म्हणाले होते. निघताना आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘त्याच्यावर लक्ष ठेव, तो ऐकणार नाही.’ मीही ते फारच मनावर घेतलं. बाथरूममधल्या वजनकाट्यावर त्याची सॅक ठेवली तर सात किलो. त्यात भर म्हणजे सार्थ ज्ञानेश्वरी! मी म्हटलं, ‘अरे बाबा, फोनमध्ये अ‍ॅप आहे.’ तो म्हणाला, ‘अ‍ॅपमध्ये तुझ्या आजीच्या पेन्सिलीच्या खुणा नाहीत.’ विषय संपला.

पहिल्या दिवशी देवगडहून कुणकेश्वरला पोचलो. भरती असेल तेव्हा वाळूतून जाता येत नाही, मग वर सड्यावर चढायचं, जांभ्या दगडाच्या वाटेने जायचं, पुन्हा खाली उतरायचं. आंब्यांना मोहर आलेला. संध्याकाळी समुद्राला लागूनच असलेल्या देवळात दर्शन घेतलं. बाबा दमला होता, पण चेहरा असा काही खुलला होता की विचारू नका. रात्री तो झोपल्यावर मी गुपचूप त्याच्या सॅकमधलं सामान माझ्या सॅकमध्ये भरलं. टॉर्च, जाडं जॅकेट, एक पाण्याची बाटली. आणि पोथी.

पहाटे पाच वाजता तो नेहमीप्रमाणे वाचायला उठला. सॅक उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मी अंथरुणातून बघत होते. त्याने विचारलं, ‘अगं, मी पोथी घेतली होती ना?’

आता खरं सांगितलं तर तो सगळं वजन परत घेणार, हे मला माहीत होतं. म्हणून मी म्हटलं, ‘राहिली असेल घरी. चार दिवस नाही वाचलं तर काय होतंय?’

एवढंच. दहा सेकंदांचं बोलणं. आणि खरं सांगू का, मला त्या वेळी जराही चुकल्यासारखं वाटलं नाही. उलट आपण किती छान सांभाळतोय बाबाला, असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मिठबाव, तिसऱ्या दिवशी आचरा. बाबा कमी बोलत होता. वाटेत खिसे चाचपायचा. औषधाची डबी दोनदा उघडून बघितली. मिठबावला गजबादेवीच्या देवळाजवळ बसलो होतो, समोर समुद्र, आणि हा मला विचारतो, ‘आपण घराला कुलूप मी लावलं का तू?’ मी म्हटलं, ‘आई घरीच आहे रे बाबा.’ तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं.

आचऱ्याला रामेश्वराच्या देवळातून रात्री परत येताना तो सहज बोलावं तसं बोलला, ‘तुला आठवतं, आजीचं कसं सुरू झालं?’

मला आठवत नव्हतं, मी लहान होते. आजी शेवटची काही वर्षं सगळं विसरली होती, एवढंच माहीत. बाबा म्हणाला, ‘एक दिवस ती म्हणायला लागली, पोथी कुणी नेली, पोथी कुणी नेली. सगळं घर शोधलं. पोथी तिच्याच उशाखाली होती. आम्ही तेव्हा हसलो होतो गं.’ मग थोडा वेळ थांबून म्हणाला, ‘मला पक्कं आठवतंय, पहिल्या दिवशी देवगडला स्टँडवर मी ती सॅकमध्ये हाताने चाचपली होती. आता जर ती घरी असेल, तर मला जे पक्कं आठवतंय तेच खोटं आहे.’

मंडळी, माझ्या पायातलं बळच गेलं. आजीच्या वेळी पोथी कुणीच नेली नव्हती. या वेळी मात्र खरंच नेली होती, आणि ती नेणारी मी होते.

खोलीवर जाऊन मी पोथी काढून त्याच्या हातात दिली. सगळं सांगितलं. त्याने आधी आतली खूण उघडून बघितली. मग म्हणाला, ‘म्हणजे मी विसरलो नव्हतो.’ किती तरी वेळ तो तेच म्हणत होता. रागावला नाही. झोपायच्या आधी फक्त म्हणाला, ‘वजन घेतलंस त्याचं काही नाही. पण दोन दिवस मी माझ्याच डोक्याला घाबरून चाललो.’

आता श्लोक पुन्हा बघा. वारा नावेला ओढतो, तसं मन कशाला ओढून नेतं? प्रज्ञेला. माझ्या मनातली भीती आधी माझी बुद्धी घेऊन गेली, ते ठीक, ते माझं मी भोगीन. पण ती तिथे थांबली नाही. तिने बाबाचा त्याच्या स्वतःच्या बुद्धीवरचा विश्वासही ओढून नेला. त्याच्या हृदयाला जपायला गेले आणि त्याच्या मनाला धक्का लावून बसले. आणि हे सगळं ‘प्रेमापोटी’.

चौथ्या दिवशी तळाशीलला आलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. पट्टी संपते तिथे खाडीचं मुख, आणि पलीकडे सर्जेकोट. ओळखीतून एक मच्छीमार काका मिळाले होते. त्यांच्या लहान होडीला अजून शीड आहे. इंजिनवर पाच मिनिटांत सोडतो म्हणाले, पण बाबाला शिडावर जायचं होतं. काका म्हणाले, मग दुपारपर्यंत थांबा.

शाळेत भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेत, आठवतं? रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून दुपारी समुद्राकडून येतो, तो खारा. इंजिनं येण्याआधी मच्छीमार पहाटे मतलईवर बाहेर जायचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचे. मी ते दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. त्या लोकांची पोटं त्यावर चालायची.

दुपारी वायव्येकडून वारा लागला. काका सुकाणूवर बसले आणि शिडाची दोरी त्यांनी बाबाच्या हातात दिली. मी लगेच हात पुढे केला, ‘त्यांना नको, मला द्या. त्यांचं ऑपरेशन झालंय.’ आदल्या रात्री एवढं होऊनसुद्धा! स्वभाव काय एका रात्रीत जातो का?

काका म्हणाले, ‘ताई, दोरी तेंच्याच हातात ऱ्हवांदे.’ मग बाबाला म्हणाले, ‘गच्च धरूची, पण बांधूची नाय. बांधलास तर वाऱ्याचो झटको इलो काय होडी पालथी.’

बाबाने मान डोलावली. झोत आला की तो दोरी थोडी सैल सोडायचा, झोत गेला की पुन्हा ओढून घ्यायचा. पूर्ण सोडली तर शीड नुसतं फडफडतं, होडी जागची हलत नाही. बांधून टाकली तर कलंडते. म्हणजे हात सतत जागा हवा. वारा तर तोच होता, श्लोकातला, नाव ओढून नेणारा. पण त्याच वाऱ्यावर आम्ही सर्जेकोटला चाललो होतो.

मला वाटतं काळजीचं असंच आहे. ती नको असं गीता कुठे म्हणते? पण मी दोरी बांधून टाकली होती. बाबाचं वजन, बाबाची पोथी, बाबाने काय ऐकायचं, सगळं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

आणि भगवंताकडे बघा. पहिल्या अध्यायात अर्जुन सांगतो, रथ दोन्ही सैन्यांच्या मधे ने, आणि श्रीकृष्ण नेतो. घोड्यांचे लगाम त्याच्या हातात आहेत, पण कुठे जायचं ते अर्जुन सांगतोय. पुढे सगळं ज्ञान देऊन झाल्यावर अठराव्या अध्यायातल्या ६३ व्या श्लोकात तो काय म्हणतो? की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला इच्छा असेल तसं कर. अर्जुन कोसळलेला होता, रडत होता, धनुष्य टाकून बसला होता. त्याच्या भल्यासाठी त्याला फसवणं किती सोपं होतं! ते देवाने केलं नाही. जो सगळं जाणतो तो विचारतो, आणि मी, जिला उद्याचं माहीत नाही, ती न विचारता सॅक रिकामी करते.

तुम्ही म्हणाल, विचारलं असतं आणि बाबा ‘नाही’ म्हणाला असता तर? छातीत दुखलं असतं तर? हा प्रश्न खोटा नाही. मीही त्यावर अजून अडखळते. पण एवढं मला कळलंय की भांडता आलं असतं. ‘इतकं वजन घेणार असशील तर मी एक पाऊल पुढे टाकणार नाही’ असं तोंडावर म्हणता आलं असतं. त्यात तो माणूस म्हणून माझ्यासमोर उभा राहिला असता, हो म्हणाला असता, नाही म्हणाला असता, चिडला असता. मी जे केलं त्यात त्याला उभं राहायला जागाच ठेवली नव्हती. आपण आईबाबांना फोनवर ‘सगळं छान चाललंय’ सांगतो, त्यांचे रिपोर्ट आधी आपण वाचून त्यांना अर्धेच सांगतो, तेव्हाही बहुतेक हेच करत असतो. आणि आपली भीती कमी झाली की म्हणतो, त्यांना बरं वाटलं.

सर्जेकोटला उतरल्यावर बाबाने वाळूवर दोन्ही सॅक उघडल्या. टॉर्च, जॅकेट आणि बाटली माझ्याकडे सरकवली. ‘हे तू घे, मला खरंच जड होतंय.’ पोथी मात्र पंच्यात गुंडाळून स्वतःच्या सॅकमध्ये ठेवली आणि मला म्हणाला, ‘बघितलंस ना, इथे ठेवली.’

‘बघितलं,’ मी म्हटलं. मग मालवणची वाट धरली.

आजचा अभ्यास: ज्यांची आपण काळजी घेतो अशा एका माणसासाठी आपण परस्पर ठरवून टाकलेली एक गोष्ट आठवा. आज त्यांना ती सांगा, आणि त्यांचं म्हणणं विचारा. उत्तर आवडलं नाही तरी पूर्ण ऐका. आधी पाच मिनिटं नामस्मरण करून मग फोन लावा, म्हणजे आवाज चढणार नाही. (अनुभवाचे बोल!)

उद्या ६८ वा श्लोक. राम कृष्ण हरी.