पाइपचा गॅस आणि शेजारधर्म
माणूस स्वभावाने चांगला असतो की अडचणीमुळे? घरी पाइपचा गॅस बसवून घेतल्यापासून हा प्रश्न मला छळतोय. पूर्वी सिलिंडर नेमका पुरणपोळीच्या दिवशी संपायचा. मग शेजारच्या काकूंचा भरलेला सिलिंडर आमच्याकडे यायचा. त्या १४.२ किलोंवर दोन घरांचा घरोबा टिकून होता. आता गॅस संपतच नाही, त्यामुळे काकूंची बेलही वाजत नाही! सिलिंडरचा गॅस हवेहून जड. गळला तर जमिनीलगत पसरतो. पाइपचा हलका, सरळ वर जातो. माणसांचंही तसंच. बँकेत बघतो ना, कर्ज फिटलं की कर्जदार ओळखही दाखवत नाही. तेव्हा थोडी उधारी असलेली बरी, हा माझा सिद्धांत.
बायको म्हणाली, "अहो, पण काकूंकडे जायला सिलिंडरच संपायला हवा का?"
आमच्या कॉमर्समध्ये हा धडा नव्हता.