धर्म राखून विद्या: फिलाडेल्फियाच्या दप्तरातील आनंदीबाई जोशी

फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आपले जुने दप्तर ‘लेगसी सेंटर’ या अभिलेखागारात सांभाळते. त्यातला सर्वांत मोलाचा भाग मुळात ड्रेक्सेलचा नाही; आज त्या नावाने उरलेल्या नसलेल्या एका संस्थेचा तो आहे. स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठी १८५० साली ‘फीमेल मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ निघाले. क्वेकर पंथाच्या मंडळींचा त्याला मोठा आधार होता. १८६७ मध्ये त्याचे ‘विमन्स मेडिकल कॉलेज’ झाले, १९७० मध्ये पुरुषांना प्रवेश मिळाल्यावर नावातली ‘विमन्स’ गळाली, नंतर हानेमान महाविद्यालयाशी ते जोडले गेले आणि २००२ मध्ये सगळा कारभार ड्रेक्सेलकडे आला. नावे आणि मालक बदलले, पण प्रवेशासाठी आलेली पत्रे, विद्यार्थिनींचे प्रबंध, छायाचित्रे आणि अहवाल टिकले.

याच दप्तरात कल्याणच्या जोशी घराण्यातल्या एका मुलीचे कागद आहेत. कल्याणला माहेर असलेल्या यमुनेचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी टपालखात्यातले गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न होऊन ती आनंदीबाई झाली, चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात तिला एम.डी. पदवी मिळाली. एवढे चरित्र मराठी वाचकाला श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीमुळे तोंडपाठ असते. नवऱ्याचा हट्ट आणि बायकोची जिद्द यांत ही कथा बहुधा संपते. तिच्या पोटातला धर्माचा प्रश्न मात्र मागेच राहतो, आणि महाविद्यालयाचे दप्तर खरे बोलके होते ते त्याच बाबतीत. तो प्रश्न असा: परधर्मीयांच्या हातून विद्या घ्यायची, तर त्यांचा धर्म कितपत घ्यावा लागतो?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न नुसत्या वादासाठी वाद म्हणून पडलेला नव्हता. मुंबई विद्यापीठाच्या १८५७ च्या कायद्याने सर्व वर्गांच्या आणि पंथांच्या प्रजाजनांसाठी पदव्या खुल्या ठेवल्या होत्या. १८५४ च्या वूडच्या खलित्यात धर्मविश्वासाचा विषय परीक्षेत नसावा, असे आधीच ठरले होते. कागदावरची ही तटस्थता पुरुषांपुरती होती. स्त्रियांच्या शिक्षणाची बरीचशी भिस्त मिशनवर होती आणि मिशनच्या शाळेत बायबल टाळता येत नसे. आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी १८७८ मध्ये अमेरिकन मिशनशी पत्रव्यवहार केला. तो प्रिन्स्टनहून निघणाऱ्या ‘मिशनरी रिव्ह्यू’मध्ये १८८० साली छापून आला. संपादक रॉयल वाइल्डर हे कोल्हापुरात वर्षानुवर्षे काढलेले पाद्री होते, महाराष्ट्र त्यांना परका नव्हता. त्यांचे म्हणणे सरळ होते: ख्रिस्ती व्हा, मग मदतीचे पाहू.

वाइल्डर यांच्या विरुद्ध बाजूला सनातनी होते. समुद्र ओलांडणे कलिवर्ज्यांत मोडते, तेव्हा परदेशी गेलेली बाई परतली तरी धर्मात परतत नाही, असे त्यांचे मत. पाद्री आणि शास्त्री यांचे एरवी कशावरही जमत नसे. पण विद्या आणि धर्म एकाच गाठोड्यात बांधलेले आहेत, एक उचलले की दुसरे आपोआप येते, या गृहीतावर दोघांचे एकमत होते. आनंदीबाईंनी नाकारले ते हे गृहीत. त्यांना नुसती साहसी मुलगी म्हणून सोडून देता येत नाही, ते यामुळे.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीत भाषण केले. हे कॉलेज विल्यम केरी आणि त्यांच्या बाप्टिस्ट सहकाऱ्यांनी १८१८ मध्ये काढलेले, म्हणजे बंगालमधल्या मिशनकार्याचे माहेरघर. लोक आपल्याला विचारतात ते सहा प्रश्न घेऊन त्यांनी एकेकाचे उत्तर दिले. त्यांत जातिबहिष्काराचाही प्रश्न होता. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार, आहार आणि पोशाख बदलणार नाही, असे त्यांनी सांगितले. मिशनच्या छपराखाली, अठराव्या वर्षी असे सांगायला धीर लागतो. त्याहून लक्षात घेण्याजोगा आहे त्यामागचा विचार: शरीरशास्त्र शिकायला एका धर्माची अनुमती आणि दुसऱ्या धर्माचा स्वीकार यांपैकी कशाचीच गरज नाही.

एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या. जहाजावर सोबत होती ती मिशनच्याच बायकांची. जूनमध्ये अमेरिकेत पोचल्यावर न्यू जर्सीच्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी उतरल्या. त्याच महिन्याच्या २८ तारखेचे त्यांचे पत्र आता लेगसी सेंटरमध्ये आहे. महाविद्यालयाचे एक कारभारी आल्फ्रेड जोन्स यांना ते लिहिलेले आहे. प्रवेशाच्या अटींत आपण बसत नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून ज्या निश्चयाने आप्तांचा आणि जातीचा एकवटलेला विरोध मोडून आपण इथवर आलो तोच जमेस धरावा, असे त्या मागतात. आपल्या देशातल्या दुःखी बायकांना खरी वैद्यकीय मदत मिळावी, हा हेतूही त्यात आहे. मात्र धर्म बदलण्याची तयारी त्यात सुचवलेली नाही, आणि हिंदू असल्याबद्दल संकोचही नाही. प्रवेश मिळाला. वाइल्डर यांची अट महाविद्यालयाने घातली नाही.

यावरून महाविद्यालय धर्मनिरपेक्ष होते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. अधिष्ठाता रेचेल बॉडली या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक, तशाच परदेशी मिशनकार्याबद्दल आस्था असलेल्या प्रेसबिटेरियन होत्या. याच महाविद्यालयातून शिकून कितीतरी स्त्रिया मिशनच्या डॉक्टर म्हणून आशियात गेल्या. आनंदीबाईंच्या कागदांशेजारी त्यांचेही कागद त्याच दप्तरात आहेत आणि ते शेजारीशेजारी ठेवूनच वाचायला हवेत.

त्या संग्रहातले सर्वांत गाजलेले छायाचित्र १० ऑक्टोबर १८८५ चे आहे. तीन विद्यार्थिनी ओळीने बसल्या आहेत. आनंदीबाई लुगड्यात, जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली आपल्याकडच्या अलंकारांसह पोशाखात. तिसरीचे नाव जुन्या कागदांत एकसारखे लिहिलेले नाही. कुठे ‘तबात’ असेही दिसते. लिहिणाऱ्यांना ते नाव उच्चारताही येत नसावे. आज हे चित्र विविधतेचा उत्सव म्हणून जगभर फिरते. त्या काळी मात्र दूरदेशीच्या बायका आपल्याकडे शिकायला येतात हे दाखवण्यात संस्थेचा स्वार्थ होता आणि मिशनच्या देणगीदारांना असली चित्रे आवडत. तरीही लुगडे हे केवळ छायाचित्रासाठी चढवलेले सोंग नव्हते. फिलाडेल्फियाच्या थंडीत त्या साडीच नेसत. गुजराती पद्धतीने नेसायला लागल्या एवढाच फरक, कारण नऊवारीत पाय उघडे पडत. सुमारे अडीच वर्षांपूर्वी व्यासपीठावर दिलेला शब्द किती काटेकोर पाळला गेला, याचा कॅमेऱ्याने नकळत दिलेला दाखला म्हणून हे चित्र जास्त मोलाचे.

पदवीसाठी त्यांनी लिहिलेला प्रबंध ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ या विषयावर होता. प्राचीन आयुर्वेदातले संदर्भ आणि अमेरिकेतली वैद्यकीय पाठ्यपुस्तके या दोन्हींचा त्यात वापर आहे. विषयाची निवडच बोलकी म्हणावी लागेल. परधर्मीयांच्या संस्थेत बसून आपली परंपरा टाकून द्यायची किंवा निमूट पूजायची, असे दोनच मार्ग समोर असताना त्यांनी तिला अभ्यासाचा विषय केले. ज्या ग्रंथांना घरी प्रमाण मानले जाई, ते इथे पुरावा म्हणून मांडले गेले आणि परीक्षकांसमोर तपासायला ठेवले गेले. पाद्र्याला आणि शास्त्र्याला दोघांनाही हे अडचणीचे वाटले असते.

पदवीदानाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. त्या आनंदीबाईंच्या नात्यातल्या, आणि १८८३ मध्येच इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या. एकाच काळात, जवळपास एकाच वाटेने गेलेल्या दोघी मराठी स्त्रियांनी या प्रश्नाला दोन उत्तरे दिली, आणि दोन्ही विचारपूर्वक होती. रमाबाईंचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ १८८७ मध्ये निघाले. त्याची प्रस्तावना बॉडली यांची.

आनंदीबाई नोव्हेंबर १८८६ मध्ये परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक झाली होती, पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. प्रश्न त्यांच्याबरोबर मिटला नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळी चहाला जमली आणि त्यावरून ग्रामण्य माजले. हा चहा घडवून आणणारे आणि मग हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणणारे गृहस्थ गोपाळरावच. प्रायश्चित्ताची पाळी मोठमोठ्यांवर आली. पाद्र्यांशी बोलायला शास्त्रीमंडळींची हरकत नव्हती, त्यांचा कप उचलणे मात्र बाटवणारे ठरले. पुण्याच्या पुढाऱ्यांना एका दुपारी जे निभावले नाही, ते एका मुलीने तीन वर्षे रोजच्या जेवणात निभावले होते.

महाविद्यालयाच्या दप्तराची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. संस्थेला प्रवेश, उपस्थिती, प्रबंध आणि पदवी यांच्या नोंदी लागतात. विद्यार्थिनी एकटी असताना काय मानत होती, याची नोंद ठेवायचे तिला कारण नसते. तो भाग दुसरीकडे शोधावा लागतो. कार्पेंटर यांना लिहिलेल्या पत्रांचा आधार घेऊन कॅरोलिन हीली डॉल यांनी १८८८ मध्ये अमेरिकन वाचकांसाठी चरित्र लिहिले. १८८९ च्या सुमारास काशीबाई कानिटकरांनी मराठी चरित्र लिहिले, त्यात नवरा-बायकोच्या पत्रव्यवहाराला जागा आहे. अंजली कीर्तने आणि मीरा कोसंबी यांच्या अलीकडच्या अभ्यासांनी हे सगळे पुन्हा ताडून पाहिले. या चरित्रांत ओढाताण दिसते, एकटेपणा दिसतो, ख्रिस्ती मित्रांच्या चांगुलपणाने भारावणे दिसते आणि त्यांच्या आग्रहाचा कंटाळाही दिसतो. दप्तरातल्या मुलीचा निश्चय पक्का वाटतो, पत्रांतली मुलगी तो निश्चय रोज नव्याने करताना आढळते.

फिलाडेल्फियातल्या या कागदांपैकी बरेच आता संगणकावर उपलब्ध आहेत. कल्याणात बसून २८ जून १८८३ चे पत्र आनंदीबाईंच्याच हस्ताक्षरात वाचता येते.